टिंब दिसलं की पुढे चला

मागच्या दिवाळीत घरी गेलो, तेव्हा पहिल्याच संध्याकाळी चहा पिताना बाबांनी सहज बोलल्यासारखं सांगितलं की आप्पांची भजनं गेली. कधी गेली, विचारलं. म्हणाले, "झाले की सात-आठ महिने. माझ्याकडूनच काहीतरी दाबलं गेलं असणार. तू कामात असतोस, म्हणून बोललो नाही."

आप्पा म्हणजे माझे आजोबा. कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या गावच्या भजनी मंडळात ते म्हणायचे. कार्तिकातला काकडा त्यांनी सत्तरी ओलांडल्यावरही चुकवला नाही. २०१७ ते २०१९ या काळात बाबांनी त्यांच्या साध्या फोनवर ती भजनं रेकॉर्ड केली होती. मध्ये कुणीतरी खोकतंय, टाळ एवढे जवळ की आप्पांचा आवाज त्यांच्या मागून शोधावा लागतो, अशी. २०२१च्या जानेवारीत आप्पा गेले. त्यानंतर त्या फोनच्या मेमरी कार्डातलं सगळं मी माझ्या जुन्या लॅपटॉपवर उतरवून दिलं. चार जीबी रॅमवर विंडोज रांगत होतं म्हणून त्यावर लिनक्स टाकलं, एक म्युझिक प्लेअर बसवला, त्याला फोल्डर दाखवलं आणि पुण्याला परत आलो. कार्ड बाबांनी नव्या फोनमध्ये घालून फॉरमॅट केलं. म्हणजे उरली ती प्रत फक्त लॅपटॉपवर.

प्लेअरने बाबांना २१४ गाणी दाखवली. त्यात रिंगटोन होत्या, गणपतीतली रिमिक्स होती, आमच्या वॉर्डातल्या एका उमेदवाराचं प्रचारगीतसुद्धा होतं. भजनं नव्हती. बाबांनी आधी काही महिने ती शोधलीच नाहीत. आप्पांचा आवाज ऐकायची तयारी व्हायला वेळ लागला असणार. शोधली तेव्हा सापडली नाहीत, आणि दोष त्यांनी स्वतःकडे घेतला. चुलतभाऊ म्हणाला होता, लॅपटॉप दे, पुसून विंडोज टाकून देतो, नाहीतरी त्यात काही नाहीच. बाबा म्हणाले, दिवाळीला हा येईल, त्याला विचारू. या एका वाक्यावर ती भजनं वाचली आहेत.

मी टर्मिनल उघडलं आणि सवयीने 'एलएस'ला '-ए' लावून यादी मागितली. टिंबाने सुरू होणारं एक फोल्डर होतं. आत ३७ फायली. सगळ्या शाबूत.

झालं होतं ते असं. फोनमधल्या रेकॉर्डर अ‍ॅपने आपल्या फोल्डरच्या नावाआधी टिंब लावलं होतं. बऱ्याच अँड्रॉइड अ‍ॅप्सची ही खोड आहे. गॅलरीत किंवा गाण्यांच्या यादीत आपला पसारा दिसू नये म्हणून. लिनक्समध्ये ज्याचं नाव टिंबाने सुरू होतं ते 'लपलेलं' मानतात. प्लेअरने माझं फोल्डर चाळताना ते टिंब पाहिलं आणि आत न शिरता पुढे गेला. हे त्याने कुणालाही सांगितलं नाही. प्लेअरचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण या एकाला झोडपून काही साधणार नाही. त्या दिवाळीत मी आणखी तीन लावून पाहिले. एकाने टिंबवालं फोल्डर थेट निवडल्यावर मुकाट घेतलं. पण त्याच्या वरचं फोल्डर निवडलं, तर टिंबवालं सोडून दिलं. बाकी दोघांचं काय झालं ते सांगत नाही, त्यांचंही वागणं याच जातीचं होतं.

आता हे टिंब आलं कुठून? युनिक्सच्या अगदी पहिल्या दिवसांत प्रत्येक फोल्डरमध्ये दोन खास नोंदी घातल्या गेल्या: एक टिंब म्हणजे हेच फोल्डर, दोन टिंबं म्हणजे वरचं. यादी मागितली की या दोन नोंदी दर वेळी उगाच दिसायच्या. त्या गाळण्यासाठी 'एलएस' या प्रोग्रॅममध्ये एक तपासणी घातली गेली. खरं तर 'नाव बरोब्बर एक टिंब किंवा दोन टिंबं आहे का' असं तपासायला हवं होतं. त्याऐवजी 'पहिलं अक्षर टिंब आहे का' एवढंच तपासलं, कारण ते लिहायला सोपं होतं. त्यामुळे टिंबाने सुरू होणारी कुठलीही फाईल यादीतून गळू लागली. मग लोकांच्या लक्षात आलं की आपल्या सेटिंगच्या फायली ठेवायला ही जागा बरी आहे. ही हकिकत मी बनवलेली नाही. बेल लॅब्जमध्ये युनिक्सवर काम केलेल्या रॉब पाइक यांनी २०१२ साली गूगल प्लसवर ती लिहिली होती, आणि लपलेल्या फाईलची ही कल्पना ठरवून केलेली नसून चुकीतून जन्मली, असं त्यांनी स्वच्छ म्हटलं होतं. (ते गूगल प्लस २०१९ साली बंद पडलं. ते लिखाण आता इतरांनी जपलेल्या प्रतींमध्येच वाचायला मिळतं.)

म्हणजे ज्याला आपण युनिक्सची परंपरा म्हणतो, ते मुळात एका आळशी तपासणीचं पिल्लू आहे. लिनक्सच्या कर्नलला तर 'लपलेलं' हा प्रकारच माहीत नाही. त्याच्या लेखी टिंब हे नावातलं एक अक्षर आहे, 'क'सारखंच. लपवणं-दाखवणं हा वरच्या प्रत्येक प्रोग्रॅमचा स्वतःचा निर्णय असतो, आणि म्हणून त्याची जबाबदारीही त्याचीच.

विंडोजमध्ये लपवणं हा फाईलला लावलेला वेगळा शिक्का असतो, नावाशी त्याचा संबंध नाही. माझ्या वयाच्या इंजिनिअरिंगवाल्यांना तो वेगळं सांगायला नको. कॉलेजबाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडे पेनड्राइव्ह लावला की सगळी फोल्डरं गायब आणि त्यांच्या जागी शॉर्टकट. त्या व्हायरसने काही पुसलेलं नसायचं, फक्त तो शिक्का मारलेला असायचा. हॉस्टेलवर 'अ‍ॅट्रिब' या कमांडचं पाठांतर असलेली दोन पोरं असायची, त्यांना सबमिशनच्या आदल्या रात्री देवासारखा भाव मिळायचा. मी त्यातला एक होतो. तेव्हा आम्ही त्या प्रकाराला बेधडक व्हायरस म्हणायचो: फाईल जागेवर आहे, मालकाला दिसत नाही आणि दिसत नाही हे त्याला कुणी सांगत नाही. तेच चांगल्या हेतूने लिहिलेल्या, फुकट मिळणाऱ्या, खुल्या स्रोताच्या प्रोग्रॅमने केलं की त्याला आम्ही 'अपेक्षित वर्तन' म्हणतो.

हे लिहिणारा लिनक्सचा शत्रू नाही. माझं पोट त्यावर चालतं. आणि लपवण्याच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे, तेही मला ठाऊक आहे. मॅकवरून पेनड्राइव्हवर गाणी टाकली की प्रत्येक गाण्याच्या जोडीला टिंब आणि अधोरेषेने सुरू होणारी एक छोटी फाईल तयार होते. तिचं नावही '.एमपी३'ने संपतं, पण तिच्यात आवाज नसतो. प्लेअरने ती वगळली नाही, तर यादीत प्रत्येक गाणं दोनदा दिसेल आणि त्यातलं एक वाजणार नाही. लिनक्सवर पेनड्राइव्हमधून गाणं काढून टाकलं की ते त्याच ड्राइव्हवर '.ट्रॅश-१०००' अशा नावाच्या टिंबवाल्या फोल्डरात जाऊन पडतं (जागा का मोकळी होत नाही, म्हणून लोक डोकं खाजवत बसतात ते यामुळेच). प्लेअर तिथे शिरला, तर तुम्ही टाकून दिलेली गाणी परत वाजू लागतील. घरच्या फोल्डरात सेटिंगची आणि तात्पुरत्या साठ्याची टिंबवाली फोल्डरं डझनांनी असतात. त्यात म्युझिक प्लेअरने वेळ घालवावा असं कुणीच म्हणणार नाही. सुरक्षेचाही भाग आहे. 'स्नॅप' पद्धतीने बसवलेल्या आणि बंदिस्त चालणाऱ्या प्रोग्रॅमला तुमच्या घरच्या फोल्डरातल्या पहिल्या पातळीवरच्या टिंबवाल्या फोल्डरांत जायला मुळातच बंदी असते, आणि त्यामागचं कारण रास्त आहे: तुमच्या सर्व्हरच्या गुप्त किल्ल्या नि ब्राउझरमधले साठवलेले पासवर्ड तिथे राहतात. गाणी वाजवणाऱ्याचं तिथे काय काम?

तेव्हा वगळा. माझी तक्रार वगळण्याबद्दल नाहीच. वगळलं हे न सांगण्याबद्दल आहे.

माझ्या नोकरीत मी एका ठिकाणचा डेटा दुसऱ्या ठिकाणी नेणारे प्रोग्रॅम लिहितो. एखादी ओळ मोडकी असेल, तारीख चुकलेली असेल, तर ती आम्हीही वगळतो. त्यासाठी कोडमध्ये जो शब्द लिहायचा त्याचा अर्थ 'पुढे चला' असाच होतो. पण शेवटी अहवालात आकडा येतोच: इतक्या ओळी घेतल्या, इतक्या वगळल्या, या कारणाने. हा आकडा न छापणारं कोड मी रिव्ह्यूमध्ये परत पाठवतो. माझ्या पहिल्या वर्षी माझंही परत आलं होतं आणि त्या सीनियरचा मला राग आला होता. आता तो सीनियर मीच झालोय. गिऱ्हाईक पैसे मोजतं, म्हणून त्याला हिशेब मिळतो. बाबा पैसे मोजत नाहीत, मग त्यांना '२१४ गाणी' या आकड्यावर विश्वास ठेवायला सांगायचं?

बाबा एसटीत कंडक्टर होते. 'पुढे चला, पुढे चला' हे त्यांनी तीस वर्षं म्हटलं. पण प्रत्येक टप्प्याला वेबिल भरल्याशिवाय त्यांची गाडी पुढे जात नसे. किती तिकिटं फाडली, कुठून कुठवर, याचा मेळ डेपोत लागायलाच हवा. एक तिकीट कमी-जास्त झालं तर रात्री अकरा वाजता घरी बसून त्यांना बेरजा करताना मी पाहिलं आहे. अशा माणसाला एक यंत्र सांगतं की हिशेब पूर्ण आहे, आणि तो शंका घेतो कुणावर, तर स्वतःवर.

मला सगळ्यात जास्त राग याचा आहे. गप्प बसून वगळणारा प्रोग्रॅम माहिती तर लपवतोच, शिवाय चूक कुणाची हेसुद्धा फिरवतो. स्क्रीनवर लाल अक्षरात काही आलं असतं तर बाबांनी मला त्याच दिवशी फोन केला असता, ओळ न ओळ वाचून दाखवली असती, पूर्णविरामांसकट. काहीच आलं नाही, म्हणून त्यांना वाटलं की आपल्या म्हाताऱ्या बोटांनी वडिलांचा आवाज पुसला. आठ महिने ते असं मानून राहिले.

आता आमच्या जमातीचं उत्तर. ते मला पाठ आहे, कारण कॉलेजात मीच ते द्यायचो: फाईल निवडायच्या चौकटीत कंट्रोल-एच दाबा, लपलेलं दिसेल. खरं आहे, दिसतं. कंट्रोल-एल दाबून सगळा पत्ता हाताने टाइप करता येतो, हेही खरं. टर्मिनलमध्ये चालणाऱ्या 'सीमस' या प्लेअरच्या फायली चाळायच्या पडद्यावर 'आय' दाबलं की टिंबवाली फोल्डरं दिसू लागतात. आणि ज्याला काहीच नको त्याने आपल्या संगीताच्या फोल्डरात एक जोडदुवा करून त्याचं टोक टिंबवाल्या फोल्डरला बांधावं. बऱ्याच प्लेअरना तो चालतो, कारण ते दुव्याचं नाव बघतात, टोकाचं नाही. स्नॅपमध्ये मात्र हा डावही फसतो. तिथली बंदी खऱ्या पत्त्यावर लागू होते.

पण ही सगळी उत्तरं एक गोष्ट धरून चालतात: काहीतरी लपलेलं आहे हे तुम्हाला आधीच माहीत आहे. कंट्रोल-एच दाबायची बुद्धी ज्याला होते त्याची अडचण निम्मी सुटलेलीच असते. बाबांना टिंबाची प्रथा माहीत नव्हती, आणि ती माहीत असायचं त्यांना काही कारणही नाही. चौकटीत कुठे 'आणखी ३ फोल्डर लपलेली आहेत' असं बारीक अक्षरात लिहिलेलं नसतं. कळ आहे, पण ती कुठे आहे हे ती दाबल्यावरच कळतं.

दुसरं उत्तर जरा सभ्य असतं: ज्याने नावाआधी टिंब लावलं त्याचा हेतू लपवण्याचाच होता, आम्ही त्या हेतूचा मान राखतो. कुणाचा हेतू? बाबांनी टिंब लावलं नव्हतं. आप्पांनी तर नाहीच. ते लावलं एका अ‍ॅपच्या प्रोग्रॅमरने, दुसऱ्याच यंत्रावर, त्या यंत्रातल्या गॅलरीला चुकवण्यासाठी. तो हेतू मेमरी कार्डावर बसून लॅपटॉपपर्यंत आला आणि मालकाविरुद्ध लागू झाला. नावातल्या एका अक्षरावरून माणसाचं मन ओळखायचा दावा जो प्रोग्रॅम करतो त्याने निदान विचारावं तरी.

लपवायचंच असेल, तर ते मालकाच्या हाती कसं ठेवता येतं याचं उदाहरण याच दुनियेत आहे. 'एमपीडी' हा जुना, जरा रुक्ष प्लेअर घ्या. त्याला एखाद्या फोल्डरातलं काही नको असेल, तर तिथे '.एमपीडीइग्नोर' नावाची फाईल ठेवायची आणि नको असलेली नावं तिच्यात लिहायची. (हो, त्या फाईलचंही नाव टिंबानेच सुरू होतं. या दुनियेत शुद्ध कुणीच नाही.) पण निदान काय वगळायचं ते तुम्ही स्वतः, शब्दांत, लिहून ठेवलेलं असतं, आणि उद्या शंका आली तर उघडून वाचता येतं.

त्या संध्याकाळी मी फोल्डरच्या नावातलं टिंब काढलं. एवढंच. प्लेअरने पुन्हा चाळलं, आकडा २५१ झाला. बाबांनी पहिली फाईल लावली, तिच्यात सुरुवातीला बराच वेळ नुसती पेटी स्वर धरून आहे आणि कुणीतरी "चालू झालं का?" असं विचारतंय. ते विचारणारे बाबाच आहेत. आई आतून बाहेर आली, दारात उभी राहिली. याहून जास्त मी इथे लिहिणार नाही.

नंतर मी त्या प्लेअरच्या कोडमध्ये शिरलो. वगळण्याची जागा सापडायला वेळ लागला नाही. एका मोजणीची भर, खिडकीच्या तळाशी एक ओळ आणि तिच्यावर क्लिक केलं की वगळलेल्या फोल्डरांची यादी. चाळीसेक ओळींचं काम, एका रविवारचं. ते मी प्रकल्पाकडे पाठवून दिलं. उलट प्रश्न आला की हे कुणाला लागणार आहे, वापराचं खरं उदाहरण द्या. सामान्य वापरणाऱ्याला अशा तांत्रिक तपशिलाने गोंधळायला होईल. तो माणूस फावल्या वेळात, बिनपगारी हे काम करतो, म्हणून मी चिडून लिहिलेलं उत्तर खोडलं आणि सरळ बाबांची हकिकत लिहिली. त्याला आता चार महिने होतील. ते अजून 'चर्चा सुरू' या खान्यात आहे.

तोवर बाबांच्या लॅपटॉपवर मी बदललेली आवृत्ती चालते. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं: '२५१ गाणी, ३ फोल्डर वगळले'. बसवून दिल्यावर दुसऱ्याच दिवशी सकाळी फोन आला. "ते तीन कुठले रे?" मी सांगितलं, त्या ओळीवर क्लिक करा, नावं येतील, ती वाचा. त्यांनी वाचली. एक कचऱ्याचं, एक फोटोंच्या छोट्या प्रतींचं, आणि एक फोनमधल्या कुठल्यातरी गेमचं, ज्यात फक्त घंटेचे आवाज होते. तो गेम कुणी टाकला होता, यावर आधी आईशी थोडी चर्चा झाली, मला फोनवर ऐकू येत होती.

"बरं," बाबा म्हणाले, "मग ते राहू देत."